हार्मोनचं पॅकेज: सुईला पाच तारे, रिपोर्टला दोन

यंदा वाढदिवसाला मुलानं मला साडी घेतली नाही, रक्ततपासणी घेतली. ॲपवर ऑफर होती म्हणे. ‘संपूर्ण हार्मोन पॅकेज, १४ तपासण्या, घरी येऊन रक्त नेणार.’ एकावर दुसरं अर्ध्या किमतीत, म्हणून सूनबाईचंही नाव घातलं. दोघींचे मिळून ५,२४८ रुपये. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडण नावाशी होतं, मला भांडायचंय ते कामाशी.

आधी सांगून टाकते, मी ही तपासणी गिऱ्हाईक म्हणून घेतली असली तरी कोरी पाटी नाही. सरकारी रुग्णालयाच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काढली, २०१९ साली रिटायर झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नळ्या हलवल्या. त्यामुळे दारात निळा टी-शर्ट घातलेला पोरगा डबा घेऊन उभा राहिला, तेव्हा मी त्याच्याकडे पेशंटच्या नजरेनं कमी आणि सीनियरच्या नजरेनं जास्त बघत होते. बिचाऱ्याला ते ठाऊक नव्हतं.

स्लॉट होता सकाळी साडेसातचा. आला सव्वाअकरा उलटून गेल्यावर. मी साताऱ्याची, पुण्याच्या ट्रॅफिकचं कौतुक मुलाकडं येते तेव्हाच कळतं. पण प्रश्न ट्रॅफिकचा नाही. मी थायरॉईडची गोळी घेते, ५० मायक्रोग्रॅम, गेली ११ वर्षं, पहाटे उठल्याउठल्या. ही गोळी घेतल्यावर काही तास रक्तातलं टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, थोडं चढलेलं असतं, म्हणून रक्त द्यायचं असेल त्या दिवशी ती मागं ठेवायची असते. ठेवली. उपाशीपोटी म्हटलं होतं, म्हणून चहाही नाही. सव्वाअकरापर्यंत बिनचहाची सासू घरात असणं काय असतं, ते सूनबाईला विचारा. ती या रिव्ह्यूत वेगळे तारे देईल.

तर पोरगा आला आणि मी मनातल्या मनात त्याची प्रॅक्टिकल परीक्षा घेतली. हात धुतले, नवे ग्लोव्हज घातले. पट्टा बांधला आणि शीर बोटानं चाचपली. मूठ उघड-मीट करायला लावलं नाही, हे मी खास टिपलं, कारण त्यानं पोटॅशियम उगाच वाढतं आणि निम्म्या लॅबमधले लोक अजून “मूठ वळा, उघडा, वळा” करत असतात. स्पिरिट वाळू दिलं. सुई एकदाच. रक्त नळीत यायला लागलं तसा पट्टा सोडला. आणि मग मी त्याला मनातून पैकीच्या पैकी दिले, कारण नळ्यांचा क्रम त्यानं बरोबर घेतला: आधी पिवळ्या झाकणाची, मग जांभळ्या, शेवटी राखाडी.

हा क्रम म्हणजे सोवळंओवळं नव्हे. जांभळ्या झाकणाच्या नळीत इडीटीए असतं. रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियमला धरून ठेवतं. ते पोटॅशियमचं मीठ असतं. सुईच्या टोकावरून त्याचा अंश जरी पुढच्या पिवळ्या नळीत गेला, तरी रिपोर्टात कॅल्शियम खोटं कमी आणि पोटॅशियम खोटं जास्त येतं. मग ज्या बाईला काही झालेलं नाही तिच्या कॅल्शियम सांभाळणाऱ्या परावटू ग्रंथी बिघडल्या म्हणून धावपळ सुरू. राखाडी नळीत फ्लोराइड असतं, ते साखर जपतं. साध्या नळीत रक्तातल्या पेशी तिथल्या तिथं साखर खात बसतात, तासाला पाच-सात टक्के सहज. जे पोरगं घरी यायला पावणेचार तास उशीर करतं ते लॅबला किती वाजता पोचणार, म्हणून त्या राखाडी झाकणाचं मला फार बरं वाटलं. नळ्या त्यानं खळाखळा हलवल्या नाहीत, अलगद उलट्या-सुलट्या केल्या. बारकोड माझ्यासमोर नाव विचारून चिकटवला. डब्यात बर्फाच्या पिशव्या खरंच गार होत्या, मी हात लावून बघितला.

“मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?” त्यानं विचारलं.

“नाही रे बाळा, तुझ्याच धंद्यातली. मला एक सांग, वेळ कुठं लिहिलीस?”

“वेळ ॲपमध्ये येते, मावशी.” मॅडमची मावशी झाले म्हणजे पोरगा घाबरला होता. मी पेन दिलं आणि त्याच्या फॉर्मवर ११:२३ लिहायला लावलं. त्यानं लिहिलं. आणि इथपर्यंत सगळं पाच तारे.

पुढं काय विचारलं? नाव, वय, फोन नंबर. संपलं. गोळ्या कुठल्या घेता, नाही. सूनबाईला पाळीचा कितवा दिवस, नाही. (मुलगा समोर होता म्हणून लाजला म्हणावं, तर फॉर्मवर रकानाच नव्हता.) रात्रपाळी करता का, नाही. हार्मोनची तपासणी म्हणजे साखर-हिमोग्लोबिनसारखं ‘काढलं आणि मोजलं’ नसतं. हिमोग्लोबिन सकाळी ११ असेल तर संध्याकाळीही ११च्या आसपासच असतं. हार्मोन घड्याळ बघून चालतं, महिना बघून चालतं, आणि एकमेकांकडं बघून तर चालतंच. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला संप्रेरक म्हणतात. मला हा शब्द मुळापेक्षा सरस वाटतो. १९०५ साली स्टार्लिंग या इंग्लिश शास्त्रज्ञानं ‘हार्मोन’ हे नाव दिलं ते चेतवणं या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून, आणि आपल्या शब्दात ती प्रेरणा सरळ बसलीय. लॅबमध्ये मात्र ३१ वर्षांत संप्रेरक म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री रिपोर्ट आला. माझा १६ पानांचा. त्यातली नऊ पानं आंबे, बदाम आणि योगासनं करणाऱ्या बाईच्या चित्रांची. उरलेल्या सातांत माझ्या नावापुढं पाच लाल बाण. वर छापलेलं: नमुना घेतल्याची वेळ, सकाळी ७:३०.

मी मुलाला म्हटलं, “हे बघ, पहिली चूक. आणि ही चूक छपाईची नाही, निदानाची आहे.”

कारण पहिला लाल बाण होता कॉर्टिसॉलचा, म्हणजे ताणाच्या हार्मोनचा. माझं आलं ५.९, आणि बाजूला सकाळची मर्यादा ६.२ ते १९.४. म्हणजे कमी. खाली ॲपनं प्रेमळ भाषेत लिहिलं होतं की तुमच्या ॲड्रिनल ग्रंथी थकल्या आहेत, आणि त्याच्याखाली अश्वगंधाच्या कॅप्सूलचं बटण, थेट कार्टमध्ये. आता कॉर्टिसॉलचं असं आहे की ते पहाटे चढायला लागतं, जाग येण्याच्या सुमारास माथ्यावर असतं आणि तिथून दिवसभर उतरत उतरत मध्यरात्री तळाला जातं. म्हणून त्याचं रक्त आठच्या सुमारास घेतात आणि मर्यादाही त्या वेळेची असते. ११:२३ ला ५.९ येणं यात बोट दाखवण्यासारखं काही नाही. माझं दुपारकडं झुकलेलं रक्त त्यांनी सकाळच्या फुटपट्टीनं मोजलं, एवढंच. खरं तर बिनचहाचं इतका वेळ बसवल्यावर ते चढायला हवं होतं.

आणि ‘ॲड्रिनल थकणं’ असा आजार या ग्रंथींच्या डॉक्टरांच्या शास्त्रात नाही. ग्रंथी खऱ्याच बंद पडतात तेव्हा थकवा येतो, पण त्याची गोष्ट वेगळी असते. ती मी पाहिलीय.

नव्वदीतली गोष्ट. आमच्याकडं सोडियम-पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर होत असे. एक निळी ज्योत असायची, तिच्यात पातळ केलेलं सिरम फवारलं की सोडियमनं ती पिवळी धमक व्हायची. किती पिवळी, त्यावरून आकडा. एके दिवशी वॉर्डातून एक नमुना आला. सोडियम ११८, म्हणजे फारच कमी, आणि पोटॅशियम ६.४, म्हणजे फारच जास्त. मी म्हटलं, नळी आपटली असणार, रक्तपेशी फुटल्या की पोटॅशियम असं येतंच. पण सिरम बघितलं तर स्वच्छ, लालीचा मागमूस नाही. परत लावलं, तेच. मशिन धुतलं, स्टँडर्ड लावलं, परत तेच. शेवटी मी स्वतः वॉर्डात गेले. चाळिशीचा शेतकरी गडी, काटकुळा झालेला, उठून बसला की चक्कर. हाताच्या रेषा काजळ भरल्यासारख्या काळ्या, हिरड्याही काळपट. बायको सांगत होती की हल्ली नुसतं मीठ चाटतात. पूर्वी टीबी होऊन गेलेला. आमच्या फिजिशियन साहेबांनी एक नजर टाकली आणि कॉर्टिसॉलसाठी रक्त पुण्याला पाठवलं. ॲडिसन. १८५५ साली थॉमस ॲडिसननं लंडनमध्ये वर्णन केलं तोच आजार, आणि आपल्याकडं त्याचं जुनं कारण टीबी.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या त्या दोन ग्रंथी, एकेकीचं वजन चार-पाच ग्रॅम. वरची साल वेगळी, आतला गर वेगळा. गरात ॲड्रिनलिन, जे कुत्रं मागं लागलं की कामाला येतं आणि ज्याचं सगळे कौतुक करतात. पण माणूस जगतो तो सालीवर. सालीतलं एक हार्मोन मूत्रपिंडाला सांगतं, मीठ धर, पोटॅशियम सोड. ते थांबलं की मीठ लघवीतून वाहून जातं, आणि म्हणून तो गडी मीठ चाटत होता. त्याच सालीतलं दुसरं कॉर्टिसॉल. ते कमी पडलं की वरून, मेंदूच्या बुडाशी असलेली पियुषिका ग्रंथी हाका मारत सुटते, आणि तिच्या त्या हाकेच्या रसायनानंच कातडी काळी पडते. त्या माणसाला गोळ्या सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी तो कॉटवर बसून बिडी मागत होता. हे सगळं अश्वगंधाच्या बटणाखाली दाबून टाकलेलं बघून माझा जो काही पारा चढला, त्याचं कॉर्टिसॉल कुणी मोजायला हवं होतं.

दुसरा आणि तिसरा बाण: एफएसएच ७८, एलएच ४१, दोन्ही लाल, ‘खूप जास्त, तज्ज्ञांना भेटा’. माझं वय ६४. फॉर्मवर लिहिलेलं. पाळी जाऊन १३ वर्षं झाली. अंडाशयं रिटायर झाली की पियुषिकेला पत्रोत्तर येणं बंद होतं, म्हणून ती पत्रांवर पत्रं पाठवत राहते, ती पत्रं म्हणजे एफएसएच आणि एलएच. ६४व्या वर्षी ती जास्त नसती तर मी घाबरले असते. त्यांनी माझा आकडा तरण्या बाईच्या मर्यादेशी लावला होता. हे एवढं हार्मोन म्हाताऱ्या बायकांच्या लघवीतही उतरतं, आणि पन्नासच्या दशकात इटलीत याचा उपयोग करून घेतलाय: मठातल्या वयस्कर नन्सची लघवी गोळा करून त्यातून ते वेगळं काढलं आणि मूल होत नसलेल्या बायकांसाठी त्याचं इंजेक्शन केलं. मूल न झालेल्या जोगिणींमुळं दुसऱ्यांचे पाळणे हलले. हे सूनबाईला सांगितलं तर ती हसत सुटली. पण ती हसत होती ते तिचा स्वतःचा रिपोर्ट उघडेपर्यंत.

तिचं टीएसएच ०.०८. फ्री टी-फोर २.६, मर्यादा १.७ पर्यंत. लालभडक. आणि दहा मिनिटांत कंपनीतून फोन. “मॅडम, तुमचं थायरॉईड लो आहे, आमच्या डॉक्टरांची ऑनलाइन अपॉइंटमेंट बुक करू का?”

मी फोन हातात घेतला. “ताई, लो काय आहे?”

“थायरॉईड, मॅडम. टीएसएच लो दाखवतंय.”

इथं जरा थांबते, कारण हा घोळ ॲपपुरता नाही, आमच्या भिशीतल्या अर्ध्या बायकांचाही आहे. ‘माझं थायरॉईड वाढलंय, टीएसएच १२ आलंय.’ नाही बाई, तुझं थायरॉईड कमी पडलंय, म्हणून टीएसएच वाढलंय. टीएसएच थायरॉईडचं हार्मोनच नाही. ते पियुषिकेचं. कवटीच्या तळाला घोड्याच्या खोगिरासारखी एक खाच असते, तिच्यात वाटाण्याएवढी ही ग्रंथी बसलेली, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. गच्चीवरच्या टाकीची मोटर आठवा. टाकीत पाणी उतरलं की फ्लोट खाली येतो आणि मोटर चालू, टाकी भरली की मोटर बंद. टीएसएच म्हणजे ती मोटर, टी-फोर म्हणजे टाकीतलं पाणी. मोटर घरघरत राहिलीय याचा अर्थ टाकी रिकामी आहे. मोटर बंद पडलीय, याचा अर्थ बहुतेक वेळा टाकी वाहून चाललीय. आणि हा फ्लोट भलता हळवा आहे, पाणी जरा खाली गेलं तरी मोटर कैक पटींनी जोर करते. म्हणून डॉक्टर आधी टीएसएच बघतात. गलगंडही याच वाटेनं होतो: मिठात आयोडीन नाही, म्हणून पाणी बनत नाही, म्हणून मोटर थांबत नाही, आणि रोजच्या ढोसण्यानं गळ्यातली ग्रंथी बिचारी फुगत जाते.

म्हणजे फोनवरची मुलगी सांगत होती थायरॉईड कमी, कागद सांगत होता थायरॉईड जास्त. मी म्हटलं, आता पोरीला विचारू.

तिला समोर बसवलं. हात सरळ पुढं करायला लावले, बोटं फाकवून, आणि वर वर्तमानपत्राचं एक पान ठेवलं. थायरॉईड खरंच एवढं उसळलेलं असेल तर बोटांना बारीक थरथर असते, डोळ्यांना दिसत नाही पण कागद सळसळतो. पान गप्प. तळवे कोरडे. नाडी घड्याळ लावून मोजली, ७४. वजन? “उलट दीड किलो वाढलंय, आई.” झोप? घोरते, हे मुलानं सांगितलं. २.६ टी-फोर असलेली बाई अशी नसते. मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली आणि मी तिच्या ड्रेसिंग टेबलाकडं गेले.

सापडली. केस आणि नखांसाठीची बाटली, गुलाबी झाकण, रोज एक गोळी, बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. माणसाला दिवसाला लागतं ३०च्या आसपास.

आता हे बायोटिन मधे कुठं आलं? हार्मोन रक्तात किती असतं याचा आधी अंदाज घ्या. परावटूचं पीटीएच घ्या, मिलिलिटरला ४० पिकोग्रॅम धरू. ऑलिम्पिकचा पोहण्याचा तलाव असतो, २५ लाख लिटरचा, त्यात चार-पाच तांदळाच्या दाण्यांच्या वजनाचं मीठ टाकलं तर जेवढं खारट होईल, तेवढं. इतकं बारीक मोजता यायला १९५०च्या दशकाचा शेवट उजाडला. न्यू यॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सर्गी इन्सुलिन आणि रक्तातलं साधं इन्सुलिन यांची, त्यांना पकडणाऱ्या प्रतिपिंडांवरच्या जागेसाठी झुंज लावून ते साधलं. बर्सन १९७२ साली गेले, नोबेल आलं १९७७ला, यॅलोबाईंना. आताच्या मशिनी किरणोत्सर्ग वापरत नाहीत, उजेड मोजतात, पण पकडापकडी तीच. आणि बऱ्याच मशिनींत ही पकड घट्ट बसवायला बायोटिनच वापरतात. भिंतीवर खुंट्या, आणि प्रत्येक पिशवीला बायोटिनचा बंद. पिशवीत टीएसएच असलं की ती बंदानं खुंटीला लटकते, आणि लटकलेल्या पिशव्यांचा उजेड म्हणजे टीएसएच. सूनबाईच्या रक्तात मोकळं बायोटिनच इतकं की खुंट्या त्यानंच अडवल्या. पिशव्या खाली पडल्या. उजेड कमी, म्हणून टीएसएच कमी. टी-फोरचा हिशेब मात्र उलटा असतो, तिथं उजेड जितका कमी तितकं टी-फोर जास्त धरायचं. म्हणून तेच बायोटिन इथं आकडा फुगवतं. एक आकडा खोटा खाली, दुसरा खोटा वर, आणि दोन्ही मिळून हुबेहूब खऱ्या आजारासारखे दिसतात. एकच चुकला असता तर शंका तरी आली असती. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७च्या नोव्हेंबरात याबद्दल इशारा दिला होता. रिटायर व्हायच्या आधी तो कागद आम्ही लॅबच्या भिंतीवर चिकटवला होता, म्हणून मला आठवला. सगळ्याच मशिनींवर असं होत नाही, नव्या किटांत बंदोबस्त केलेला असतो. म्हणूनच तर विचारायचं असतं.

गोळी तीन दिवस बंद केली. चौथ्या दिवशी सकाळी आठला कोपऱ्यावरच्या छोट्या लॅबमध्ये तिला घेऊन गेले. टीएसएच २.१, फ्री टी-फोर १.२. दोन्ही जिथं हवेत तिथं. ऑनलाइन डॉक्टरांनी ज्या गोळ्या लिहून दिल्या असत्या त्या तिनं घेतल्या असत्या तर चांगल्या थायरॉईडला आपण लगाम घातला असता.

तिचं प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरचं दूध आणणारं हार्मोन, तेही थोडं वर होतं, ३१. तिची शीर सापडेना म्हणून पोरानं दोनदा टोचलं होतं आणि ती सुईला भयंकर घाबरते. प्रोलॅक्टिन तेवढ्यानंही चढतं. वीस मिनिटं शांत बसवून मग घ्यायचं असतं. प्रोजेस्टेरॉन घेतलं पाळीच्या चौथ्या दिवशी. ते अंडं सुटल्यावर, पुढच्या पाळीच्या साधारण आठवडाभर आधी बघायचं असतं. चौथ्या दिवशी ते शून्याजवळच असणार, यात नवल ते काय? ते पैसे पाण्यात.

आता या पॅकेजचं श्रेय त्याला देते, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी नुसती खोड्या काढते. माझे उरलेले दोन बाण खरे निघाले. डी जीवनसत्त्व १४, पीटीएच ८२, आणि कॅल्शियम ९.१, म्हणजे अगदी नीट. ॲपनं तिन्ही वेगवेगळ्या पानांवर छापलं, दोन लाल, एक हिरवं, आणि तिघांची ओळख करून दिली नाही. पण हे एकाच घरातलं भांडण आहे. डी नावाला जीवनसत्त्व, वागतं हार्मोनसारखं. कातडीत ऊन लागून तयार होतं, यकृतात एक टाका पडतो, मूत्रपिंडात दुसरा, मग ते आतड्याला सांगतं, कॅल्शियम आत घे. डी कमी पडलं की कॅल्शियम आत येईना. थायरॉईडच्या पाठीमागं डाळीच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथी असतात, त्या कॅल्शियमवर डोळा ठेवून असतात. त्या पीटीएच सोडून हाडांतून कॅल्शियम काढतात आणि रक्तातला आकडा ९.१ वर टिकवतात. म्हणजे हिरवा आकडा माझ्या हाडांच्या बचत खात्यातून भरला जात होता. (या चार ग्रंथी इतक्या बारीक की शल्यचिकित्सकांनाही उशिरा कळल्या. पहिल्यांदा दिसल्या त्या माणसात नव्हे, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात, रिचर्ड ओवेन यांना. माणसातल्या १८८० साली स्वीडनच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं, सँडस्ट्रॉमनं दाखवल्या.) डॉक्टरांना कागद दाखवला, ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, दुधातून. चौथी झाली. गुडघे तेच आहेत, पण त्यांच्याकडून एवढ्यात अपेक्षाही नाही. मुलाची भेट या एका कारणानं वसूल झाली असं मी त्याला सांगितलं, आणि पीटीएचची नळी बर्फात नेणाऱ्या त्या पोराला मनातून परत एकदा शाबासकी दिली.

राहिली तक्रार. मी चार वेळा फोन केला. मागणी साधी: रिपोर्टवर खरी वेळ छापा आणि कॉर्टिसॉलखालचं थकव्याचं वाक्य काढा. पहिल्या फोनला सांगितलं, नोंदवून घेतलंय. दुसऱ्याला सांगितलं, मॅडम, सिस्टिममध्ये साडेसातच दिसतंय. मी म्हटलं, पोरानं फॉर्मवर पेनानं ११:२३ लिहिलंय, तो कागद काढा. तिसऱ्या फोनला कळलं की फॉर्म स्कॅन झाल्यावर फाडून टाकतात, आणि स्कॅनमध्ये समास येत नाही. वेळ समासात लिहिली होती. चौथ्या फोनला एक शांत आवाजाचा गृहस्थ आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं, “तुमचं बरोबर आहे मॅडम” असंही म्हणाला, आणि संध्याकाळी मला मेसेज आला: झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपल्यासाठी ‘स्ट्रेस हार्मोन पॅकेज’वर ५०० रुपयांची सूट, महिनाअखेरपर्यंत.

कूपन तसंच पडून आहे. कुणाला घ्यायचं असेल तर घ्या, पण त्या पोराला आठच्या आत बोलवा, केसांच्या गोळ्या तीन दिवस आधी बंद करा, आणि वेळ समासात लिहू देऊ नका.